मर्यादवेल

२०२४ सालच्या मे महिन्यात फातिमामातेच्या यात्रेस जाण्याचा योग आम्हांस लाभला. त्या पुण्यस्थळाविषयी आमच्या वाचकांनी अनेकवार वाचले आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. परंतु यात्रा आटोपल्यावर परतीच्या विमानास एक दिवस उरला होता, आणि त्या एका दिवसात जे पाहिले ते आपल्या खेड्यांतील कुटुंबांना सांगावे, असे बरेच दिवस मनात घोळत होते. आज तो योग आला आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण लिस्बन शहराजवळ नोकरीस आहे. त्याची आई व धाकटी बहीण आमच्याबरोबर यात्रेस आल्या होत्या. तो म्हणाला, "फादर, उद्या मी गाडी आणतो. शहर पुष्कळ पाहिलेत. आता सिंत्रा-कश्कैशचे निसर्गउद्यान पाहू. डोंगर आहे, कडे आहेत, वाळूचे किनारे आहेत, पायवाटा आहेत." त्याची आई मूळची गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावरील, लग्न होऊन आपल्या घाटावर आलेली. ती चटकन म्हणाली, "अरे, समुद्र बघायला इतक्या लांब कशाला यायचे? माझ्या माहेरी काय समुद्र नाही?" खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तेच आले होते. या प्रश्नाचे उत्तर आम्हां दोघांनाही सायंकाळपर्यंत मिळाले.

हे उद्यान लिस्बनच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागराच्या काठी आहे. कश्कैश या नगरापासून उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने ते पसरले असून सिंत्राचा डोंगर त्याच्या पोटात येतो. क्षेत्रफळ सुमारे १४,५०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३६,००० एकर. राजधानी वाढू लागली, समुद्रकाठच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा १९८१ साली त्या सरकारने हा प्रदेश संरक्षित म्हणून घोषित केला आणि १९९४ साली त्याला निसर्गउद्यानाचा दर्जा दिला.

अभयारण्य म्हटले की आपल्याकडील खेडुताच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते जंगलखात्याचे फाटक. खानापूर तालुक्यातील भीमगडचे अरण्य २०११ साली अभयारण्य झाले, तेव्हापासून आतल्या वाड्यांतील लोकांच्या मनाला लागलेली चिंता आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. म्हणून आम्ही त्या तरुणास पहिला प्रश्न विचारला तो हाच, की येथे आत राहणाऱ्या माणसांचे काय झाले? तो म्हणाला, "फादर, माणसे आहेत तेथेच आहेत. गावे आहेत, चर्चे आहेत, द्राक्षांचे मळे आहेत. फक्त कोठे बांधायचे, कोठे चालायचे, काय लावायचे, यांना मर्यादा आहे." मर्यादा हा शब्द त्याने सहज उच्चारला, परंतु दिवसभर तोच आमच्या कानांत घुमत राहिला.

चालती वाळू

सकाळी आम्ही कश्कैशवरून निघून गिंशोच्या किनाऱ्यानजीक क्रेस्मिना नावाच्या ठिकाणी आलो. येथे वाळूच्या टेकड्या आहेत, आणि त्या टेकड्या चालतात! वायव्येकडून येणारा वारा किनाऱ्यावरची कोरडी वाळू उचलतो, खडकाळ पठारावरून दक्षिणेकडे ढकलीत नेतो, आणि कित्येक वर्षांच्या प्रवासानंतर तीच वाळू पलीकडच्या अंगाला पुन्हा समुद्रास मिळते. समुद्राने दिलेले समुद्राला परत. मधल्या वाटेत रस्ता आला, घर आले, की हा व्यवहार तुटतो. मग एकीकडे वाळूचे ढीग साचतात व दुसरीकडे किनारा उपाशी राहतो.

या टेकड्यांवरून लाकडी फळ्यांची उंच पाऊलवाट बांधली आहे. पाहुण्याने त्या फळ्यांवरूनच चालावे असा नियम आहे. आमच्याबरोबरच्या बाईंनी चपला काढून हातांत घेतल्या होत्या. "वाळूवर चालायचे नाही तर समुद्राकडे यायचे कशाला?" असे त्या म्हणाल्या. मुलाने त्यांना फळीच्या कडेला उगवलेले एक रूक्ष, पात्यासारखे गवत दाखविले. हे गवत खारे वारे सोसते, उन्हाचा ताप सोसते, अंगावर वाळू पडली तर तिच्यातून पुन्हा डोके वर काढते. त्याच्या मुळांच्या जाळ्यामुळे वाळू थांबते व टेकडी उभी राहते. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, आणि ती म्हणजे माणसाचे पाऊल. उन्हाळ्यात येणाऱ्या लोकांच्या पायांखाली ते तुडविले जाई आणि टेकड्या उघड्या पडत. म्हणून ही फळ्यांची वाट आली, आणि वाळू अडविण्यासाठी सुक्या काटक्यांची कुंपणे रोवण्यात आली.

बाई थोडा वेळ त्या गवताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मर्यादवेल असते."

आमच्या घाटावरील वाचकांपैकी अनेकांनी ही वेल पाहिली नसेल. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर ती वाळूवर सरपटत जाते. पान मधोमध चिरलेले, आपट्याच्या पानासारखे. फूल जांभळट गुलाबी, पेल्याच्या आकाराचे. पेऱ्यापेऱ्यातून मुळे सोडून ती वाळूला घट्ट धरते. समुद्राने येथपर्यंतच यावे अशी जणू सीमारेषा ती आखते, आणि म्हणूनच आपल्या पूर्वजांनी तिला मर्यादवेल हे नाव दिले असावे. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर समुद्राला सीमा घालून देतो असे वर्णन आहे. ज्या कोळ्याने किंवा रेंदेराने या वेलीला प्रथम हे नाव दिले त्याने तो ग्रंथ वाचला नसेल. पण गोष्ट त्याला पुरती उमगली होती.

बाई पुढे सांगू लागल्या, "माझे वडील ती वेल कोणाला उपटू देत नसत. शेळी गेली तर हाकलून लावीत. म्हणत, ही गेली तर वाळू उद्या चुलीत येईल. वडील वारले, भावांनी पुढची जागा भाड्याने दिली. पाहुण्यांना समुद्र स्वच्छ दिसावा म्हणून वेल काढली, वाळूची टेकडी सपाट केली, खुर्च्या मांडल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी चार माड समुद्रात पडले. आजोबांनी लावलेले होते." एवढे बोलून त्यांनी चपला पायांत घातल्या आणि फळ्यांवरून चालू लागल्या.

पुढे एका उतारावर पिवळ्या व गुलाबी फुलांचा गालिचा पसरलेला दिसला. पाने मांसल, बोटाएवढी जाड. आम्ही म्हटले, "या सबंध किनाऱ्यावर याहून सुंदर काही नाही." तो तरुण हसला. "फादर, येथला शत्रू तोच!" ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेची. वाळू धरून ठेवावी व शोभा यावी म्हणून पूर्वी माणसांनीच ती येथे लावली. ती इतकी माजली की तिच्याखाली इथली मूळची लहान रोपटी गुदमरून मरू लागली. आता स्वयंसेवक तिला हातांनी उपटून काढतात. पोर्तुगीज भाषेत तिला शोरांव म्हणतात. आपल्या गोव्यातील चोडण बेटाचेही पोर्तुगीज नाव तेच, म्हणून ते आमच्या चांगले ध्यानात राहिले. तेथे पोर्तुगीज भाषेतील त्या शब्दाचा अर्थ 'रडवा' असा आहे. चांगल्या हेतूने, पण स्थळाचा विचार न करता केलेली गोष्ट पुढे कशी रडविते, याचे ते उदाहरणच म्हणावयाचे!

कड्याच्या टोकावर

दुपारी आम्ही काबो दा रोका येथे पोहोचलो. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे हे सर्वांत पश्चिमेचे टोक. समुद्रापासून सुमारे १४० मीटर उंचीचा कडा, वर १७७२ सालापासून प्रकाश देणारे दीपगृह आणि क्रूस असलेला एक दगडी स्तंभ. पुढे नजर पोहोचेल तेथवर केवळ पाणी. आपण येथे येऊन गेलो याचे प्रमाणपत्रही पैसे भरून मिळते. बाईंच्या मुलीने ते हौसेने घेतले. गोव्यातील काणकोणचा काबो द रामचा कडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना या स्थळाची थोडी कल्पना येईल. मात्र तेथे हिरवी झाडी आहे, येथे वारा एवढा की झाड उभेच राहू शकत नाही. झुडपे जमिनीला चिकटून वाढतात. त्यांत पांढुरक्या फुलांचे लहान गेंद डोलत होते. ही फुले या सिंत्रा-कश्कैशच्या किनाऱ्याखेरीज जगात अन्यत्र निसर्गतः उगवत नाहीत असे समजले. तळहाताएवढे रोप, पण त्याला हे एकच घर आहे.

आता आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगितला पाहिजे. कड्याच्या कडेने लाकडी कठडा आहे. तो फार उंच नाही. त्याच्या पलीकडे लोकांच्या पायांनी पडलेली एक वाट दिसत होती आणि तेथून खालच्या लाटांचे दर्शन अधिक चांगले होईल असे आम्हांस वाटले. पर्वचनांतून मोहाविषयी आम्ही किती वेळा बोललो असू याची गणती नाही; तथापि त्या क्षणी त्यांतील एकही शब्द आठवला नाही. आम्ही कठडा ओलांडला, दहा-बारा पावले पुढे गेलो आणि छायाचित्र घेण्यासाठी हातातील फोन वर केला. तोच मागून हाक आली, "फादर! मागे या! आधी मागे या!" बाईंचा तो स्वर आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. घरातल्या पोराला विहिरीच्या काठावरून बोलवावे तसा तो होता. आम्ही वळलो, तेव्हा वाऱ्याचा एक झोत असा आला की झगा पायांत गुंतला आणि हात टेकून खाली बसावे लागले. पायाखालची खडी सरकत होती. बसल्या बसल्या, अक्षरशः रांगत, आम्ही कठड्यापर्यंत आलो.

कोणी काही बोलले नाही. नंतर त्या तरुणाने हळूच सांगितले, की २०१४ सालच्या ऑगस्ट महिन्यात एक परदेशी पती-पत्नी येथेच छायाचित्र घेण्यासाठी असेच कठड्यापलीकडे गेले आणि दोन लहान मुलांच्या देखत कड्यावरून खाली कोसळून मृत्यू पावले. ती वार्ता तेव्हा देशोदेशींच्या वृत्तपत्रांतून आली होती. त्या दोन बालकांसाठी आम्ही तेथेच उभे राहून प्रार्थना केली. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या वाटेने आम्ही गेलो ती वाट म्हणजे त्या पांढुरक्या फुलांच्या रोपांवरून शेकडो पावलांनी पाडलेला घाव होता. कठडा आम्हांला वाचविण्यासाठी होता, तसा तो त्या रोपांनाही वाचविण्यासाठी होता. तो ओलांडून आम्ही दोघांचाही अपराध केला होता.

जवळच उत्तरेकडे उर्सा नावाचा किनारा वरून दिसतो. उर्सा म्हणजे अस्वली. समुद्रात उभ्या असलेल्या एका प्रचंड खडकावरून हे नाव पडले. लोककथा अशी, की फार पूर्वी बर्फ वितळू लागले तेव्हा सर्व प्राण्यांना किनारा सोडण्याची आज्ञा झाली. एका अस्वलीने मात्र आपली जन्मभूमी सोडण्यास नकार दिला आणि ती पिल्लांसह दगड होऊन तेथेच राहिली. खाली उतरणारी पायवाट उभी व निसरडी आहे. तरुण म्हणाला, "उतरायचे का?" आम्ही कठड्याच्या अलीकडूनच अस्वलीला नमस्कार केला.

भिंतीवर चढलेली पावले

तेथून प्राया ग्रांदे, म्हणजे 'मोठा किनारा', या ठिकाणी गेलो. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला चुनखडकाची एक भिंत आहे, जवळजवळ सरळ उभी. आणि त्या भिंतीवर मोठमोठ्या पावलांचे ठसे एकामागून एक चढत गेले आहेत! शेजारच्या पायऱ्यांवरून ते स्पष्ट दिसतात. ही पावले डायनोसॉर या नावाच्या प्रचंड प्राण्यांची असून अकरा कोटी वर्षांहून अधिक जुनी आहेत. मुलीने विचारले, "फादर, एवढे मोठे जनावर भिंतीवर कसे चढले?" जनावर भिंतीवर चढले नाही, ते ओल्या, सपाट चिखलावरून चालले. चिखल कालांतराने दगड झाला. पुढे सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक वर आला, त्याचाच आज सिंत्राचा डोंगर झाला आहे. त्याने शेजारचे थर वाकवून असे उभे केले.

परमेश्वराच्या सृष्टीचे वय इतके मोठे आहे असे ऐकून काही भाविक मंडळी बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. ज्याला सहस्र वर्षे एका दिवसासारखी, त्याला कोटींची काय गणती? उलट, चिखलात उमटलेले एक पाऊल अकरा कोटी वर्षे राखून ठेवणारा हा दगड पाहिला, की चार माड आणि एक वाळूची टेकडी दोन पिढ्यांतच घालवून बसणाऱ्या माणसाने मान खाली घालावी, असे आम्हांस वाटले.

किनाऱ्याच्या आतल्या बाजूस कोलारिश हे गाव आहे. तेथील द्राक्षमळे पाहून आमचे शेतकरी वाचक चकित झाले असते. वेली मांडवावर नाहीत, वाळूवर लोळत आहेत. वाऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून भोवती बोरूसारख्या वेतांचे आडोसे व गडगे घातले आहेत. वरची वाळू निरुपयोगी, म्हणून तिच्यात खोल खणून खालच्या चिकणमातीपर्यंत वेल न्यावी लागते. पूर्वी खणणारे मजूर डोक्यावर टोपली घालून खड्ड्यात उतरत. वाळू ढासळलीच तर बाहेर काढीपर्यंत श्वास घेता यावा म्हणून! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळांना लागणाऱ्या एका किडीने युरोपातील बहुतेक द्राक्षमळे फस्त केले. त्या किडीला वाळूतून जाता येईना, म्हणून कोलारिशच्या वेली वाचल्या, आणि आजही तेथे वेली स्वतःच्याच मुळांवर वाढतात. १९०८ साली या द्राक्षभूमीच्या सीमा कायद्याने आखण्यात आल्या. त्यानंतर घरे बांधण्यासाठी जमिनीला मोठी मागणी आली आणि मळे घटत गेले. आज थोडेच उरले आहेत. उद्यानात माणसांना जागा आहे, हे आम्ही येथे डोळ्यांनी पाहिले. शेतकऱ्याचे कष्ट हेही राखण्याजोगेच आहेत, हे त्या लोकांनी ओळखले आहे. केवळ पक्षी व झाडे राखली म्हणजे झाले असे नव्हे.

डोंगरातील मठ

दिवस कलला तेव्हा डोंगरातील गर्द झाडीत शिरलो. तेथे फ्रान्सिस्कन संन्याशांचा एक जुना मठ आहे, पवित्र क्रुसाचा मठ. लोक त्याला कापुशोसचा मठ म्हणतात. त्याचे आपल्या गोव्याशी नाते आहे. गोव्यात १५४५ ते १५४८ या काळात पोर्तुगीज सत्तेचे प्रमुख असलेले जुआंव द कास्त्रो यांची ही इच्छा. दीवचा किल्ला पुन्हा बांधण्यासाठी गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागताना ज्यांनी आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठविले, तेच हे गृहस्थ. सांगतात की तरुणपणी या डोंगरात शिकारीस आले असता हरिणामागे जाऊन ते वाट चुकले, एका खडकाखाली झोपले, आणि येथे देवाचे मंदिर उभारावे असा दृष्टान्त त्यांना झाला. तो नवस फेडण्यापूर्वीच १५४८ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. अंतकाळी संत फ्रान्सिस झेवियर त्यांच्याजवळ होते असे परंपरा सांगते. पुढे १५६० साली त्यांच्या मुलाने हा मठ उभारून पित्याचा शब्द पाळला.

राज्यकर्त्याने बांधलेला मठ म्हणून आम्ही काही भव्य पाहण्याच्या अपेक्षेने गेलो होतो. पाहतो तो काय, खडकांच्या सांदीत बसविलेल्या काही खोल्या! दारे इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. थंडी व ओल यांपासून रक्षण व्हावे म्हणून दारांना, छतांना बुचाची साल लावलेली आहे. ज्या सालीपासून बाटलीची बुचे करतात तीच. ही साल एका जातीच्या ओक वृक्षापासून काढतात. साल काढली तरी झाड मरत नाही. मात्र पुन्हा काढण्यापूर्वी नऊ वर्षे थांबावे लागते. घ्यावे, पण थांबावे. खोल्या एवढ्या लहान की आमच्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसालाही पाय पसरून निजता येऊ नये.

मठाच्या भोवतालचे रान हा मात्र खरा ठेवा आहे. शतकानुशतके या डोंगरावर कुऱ्हाड चालली व तो उजाड झाला. परंतु संन्याशांनी आपल्या भोवतालची झाडे राखली. म्हणून सिंत्राचे मूळचे अरण्य कसे होते हे पाहावयाचे असेल तर आज येथेच यावे लागते. १८३४ साली पोर्तुगालमध्ये मठ बंद करण्यात आले, संन्यासी गेले, भिंती ओस पडल्या. झाडे राहिली. आम्ही तेथे थोडा वेळ जपमाळ केली. रस्त्यावरचा आवाज तेथपर्यंत पोहोचत नव्हता.

परतताना डोंगराच्या माथ्यावर तरुणाने गाडी थांबविली. १९६६ सालच्या सप्टेंबर महिन्यात या डोंगरास भयंकर वणवा लागला होता. तो विझविण्यास पाठविलेल्या सैनिकांपैकी पंचवीस जण आगीत सापडून मरण पावले. तेथे त्यांचे स्मारक आहे. २०१८ सालच्या ऑक्टोबरात पुन्हा याच डोंगरावर आग लागली आणि वाऱ्याने ती किनाऱ्याकडे पसरली. आता अतिशय धोक्याच्या दिवसांत डोंगराचे रस्ते पाहुण्यांना बंद करतात. कोणी कुरकुर केली तर त्या पंचवीस जणांकडे बोट दाखवावे.

या उद्यानात सारे काही आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. मोटारींची गर्दी आहे, कठडे ओलांडणारे आमच्यासारखे मूर्ख आहेत, बाहेरून आणलेली झाडे माजली आहेत. परंतु हे सारे राखणे आपले काम आहे, हे तेथे ठरून गेलेले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे घर म्हटले. आपल्या घरात आपण कोठेही पाय टाकीत नाही. चुलीपाशी पादत्राणे नेत नाही, बी-बियाण्याची कणगी भुकेच्या दिवसांतही रिकामी करीत नाही. हे कोणा साहेबाने आपल्याला शिकविलेले नाही. मर्यादा हा शब्द आपल्या घरातलाच आहे. तो अंगणाच्या पलीकडे, नदीपर्यंत, रानापर्यंत आणि समुद्रापर्यंत न्यावयाचा राहिला आहे.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत आपल्या गावांतून पुष्कळ कुटुंबे जुन्या गोव्यास गेली, आणि बहुतेकांनी मुलांना समुद्रही दाखविला. पुढे कधी जाल तेव्हा एवढे करा: वाळूच्या टेकडीवर मुलांना घसरगुंडी खेळू देऊ नका, वेल दिसली तर तिला ओलांडून, पाय न देता जा, आणि मुलांना तिचे नाव सांगा. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे रोवलेल्या खुणांच्या आत जाऊ नका. आणि कड्यावर कठडा असेल तर त्याच्या अलीकडे उभे राहा. हे शेवटचे आम्ही अनुभवाने सांगत आहोत.

त्या बाईंविषयी सांगून हा लेख पुरा करतो. यात्रेहून आल्यावर जून महिन्यात त्या माहेरी गेल्या. शेजारच्या वाड्यावर थोडी मर्यादवेल शिल्लक होती. तिची हातभर लांबीची पेरे त्यांनी मागून आणली आणि भावांशी चार शब्द बोलून, उरलेल्या माडांच्या पुढे वाळूत पुरली. भाऊ हसले. पहिल्या मोठ्या भरतीत निम्मी वाहून गेली. परवा मिस्सा संपल्यावर आम्ही विचारले, "बाई, वेलीचे काय?"

त्या म्हणाल्या, "निम्मी राहिली ना, फादर. तिला मुळे फुटली आहेत."